आज उभी कोण?

ये गं, जरा जवळ सरक. तुझी आजी कागदावरून हाक मारतेय म्हणून लांब बसायचं असं थोडंच आहे. आणि आधी तुझा कान धरते. तुला व्यायामाचा क्लास काढायचाय, चांगलंच आहे, पण फोनवर तुझं सगळं बोलणं मशिनींचं. कुठली मशीन, केवढा आरसा, भिंतीला कुठला रंग. बायका कशा येतील न् आल्या तर कशा टिकतील, हे एका शब्दानं विचारलं नाहीस. तुझ्या मामीचा क्लास कसा टिकला ते तुला ठाऊक नाही, तू लहान होतीस.

दोन हजार सालाच्या पुढंमागं आपल्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या माणसाच्या अंगावर यायला लागला. आधी कुत्री गेली, मग शेळ्या, मग नको ते ऐकू यायला लागलं. उसातच त्याची पिल्लं जन्मायची. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली की वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, उभ्या माणसाला तो बिचकतो. म्हणून रानात वाकताना जपा.

आणि ह्याच दिवसांत मामीनं क्लास काढला. आता व्यायाम म्हणजे काय, तूच सांग. वाका, बसा, ओणव्या व्हा, आडव्या पडा. जागा कुठली, तर आपलं जुनं खळं, बांधाला लागून ऊस. समाजमंदिरात घे म्हणावं तर तिथं सकाळी बाप्ये पेपर वाचत बसायचे, त्यांच्यासमोर पाय वर कोण करणार? उशिरा घे म्हणावं तर बायकांना दूध घालायचं, डबे करायचे. म्हणजे वेळ राहिली ती उजाडतानाची. त्याचीही तीच.

मामी मंचरची, शिकलेली. लग्न होऊन आली आणि शिकलेलं सगळं गुंडाळून कांदालागणीला जायला लागली. क्लास तेवढा तिचा एकटीचा होता. तुझा मामा म्हणाला, "एकदा जरी काय इपरीत दिसलं, तर खळ्याला तार ठोकीन. परत क्लासचं नाव न्हाई काढायचं." मामीच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

पहिल्या सकाळी बायका आल्या खऱ्या, पण बसायला कुणी तयार होईना. सगळ्यांचे डोळे उसाकडं. खालच्या वस्तीवरची एक म्हशीवाली होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, "म्याडम, तुमी इकडनं म्हणताय बसा. त्यो तिकडनं म्हणत आसंल, बसा, बसा."

हसू आलं, पण बसलं कुणीच नाही. मग तिनंच तोड काढली. "एकजण उभी ऱ्हाऊ द्या उसाकडं तोंड करून. बाकीच्या वाकू आमी."

तेव्हापासून रोज पहिला प्रश्न तोच. आज उभी कोण? उभीनं व्यायाम करायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, उसावरची नजर काढायची नाही. तो दिसला तर त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण नाव ऐकलं की बाई पळते, आणि पळत्याच्या मागं तो येतो. नुसतं 'उठा' म्हणायचं. मग सगळ्यांनी एकदम उठून हात वर करून एकीला एक लागून उभं राहायचं. घरी जातानाही एकटीनं जायचं नाही. भावकीत बोलणं बंद असलेल्या दोघी जावा होत्या. एक उभी असली की दुसरी डोळे मिटून निवांत आडवी व्हायची. घरी मात्र तोंड फिरवायच्या. मामीनं क्लासला इंग्रजी नाव ठेवलेलं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. बायका सरळ 'उभीचा क्लास' म्हणायला लागल्या.

एकदा उभं राहायची पाळी माझी होती. धुकं होतं. सगळ्या पाठीवर पडून श्वास मोजत होत्या, तुझी मामी पण. वारा पडलेला, तरी एकाच जागची उसाची पात हलली. मग दोन कान दिसले. मग तोंड. तो खळ्यावर आडव्या पडलेल्या बायकांकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

अगं, माझा आवाज गेला. तोंड उघडतंय, आत नुसती हवा. मला एवढंच दिसत होतं की तुझ्या मामीची वेणी उसाकडच्या बाजूला पसरलीय. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी 'उठा' म्हटलं ते मला स्वतःला कसंबसं ऐकू आलं. पण त्यांना पुरलं. एकीनंही विचारलं नाही का म्हणून. सगळ्या उठल्या, हात वर करून एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. तो बघत राहिला. मग वळला, आणि पात परत मिटली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मामानं तारेचं भेंडोळं खळ्यात आणून टाकलं. मामी ओट्यावर बसून होती. मला वाटलं, आता घराघरातून बायकांना कोंडलं असणार, कुणी येत नाही. खरं सांगू, कुणी येऊ नये असंही वाटत होतं. एखादी गेली असती तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? आणि मामीकडं बघितलं की वाटायचं, निदान दोघी-तिघी तरी येऊ देत.

वस्तीच्या वाटेनं बॅटऱ्या दिसल्या. सगळ्या घोळक्यानं आल्या, पुढं म्हशीवाली.

मामा म्हणाला, "जिवाचं भ्या न्हाई का तुमाला?"

"लई हाय, भाऊ," ती म्हणाली. "पण दिसभर गवत कापाया मी एकटीच वाकती. तितं कोण उभं ऱ्हातंय माज्यासाठी? हितं एकजण तरी ऱ्हाती."

तार मामानं ठोकली, पण खळ्याला नाही, उसाच्या बांधाला.

त्या बायका मग वर्षानुवर्षं हलल्या नाहीत. लेकी आणल्या, सुना आणल्या. मंचरला मशिनींची जिम निघाली तेव्हा बघून आल्या आणि म्हणाल्या, तिथं ज्याची त्याची नजर आरशात. पुढं मामीनंच मंचरला हॉल घेतला. पाटीवर बायकांनी ठेवलेलंच नाव लिहिलं. अवसरीच्या कॉलेजातल्या मुली यायला लागल्या. तिथं ऊस नाही, हायवे आहे. अंधार पडायच्या सुमाराला सुटणाऱ्या मुलीला गाडी मिळेपर्यंत आजही एक बाई रस्त्याला थांबते. भीतीनं रूप बदललं, गेली नाही.

तेव्हा मशीन घे बाई, नको कुठं म्हणते मी. पण तुझ्या क्लासात वाकणारीच्या मागं कोण उभी आहे, ते आधी ठरव.

आणि ये लवकर. परवा विहिरीपाशी चिखलात पंजे उमटलेले बघितले, तेव्हापासून घरातलं माणूस दाराबाहेर गेलं की मला चैन पडत नाही. तुला डोळ्यांनी बघितलं की बरं वाटेल. ऊन असतानाची एसटी धर, फाट्यावर उतरलीस की तिथंच थांब, एकटी चालत येऊ नकोस. मी आणि मामी घ्यायला येतो.