चार वर्षं बिनरंगाचं विमान

काही किस्से सांगावे लागत नाहीत, साठतात. माझ्या मेडिकलच्या मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांपेक्षा जास्त साठलेत, आणि त्यांना एक्स्पायरीही नाही!

कारण एकच. खोलीतल्या टेबलावर चार वर्षं एक लाकडी विमान पडलंय. जपानी नौदलाचं, दुसऱ्या महायुद्धातलं 'झिरो' नावाचं लढाऊ विमान. बोरीचे गायकवाड सर, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, यांनी सागवानात स्वतः कोरलेलं. सुंदर! त्यांच्या जुन्या शाळेनं त्यासाठी काचेचं कपाट रिकामं ठेवलंय. हेडमास्तर दर महिन्याला फोन करतात. सरांना नाही, मला!

अडलंय फक्त रंगावर. फोटो सगळे काळे-पांढरे. पुस्तकं म्हणतात राखाडी. सर म्हणतात, "राखाडीच, पण पिवळसर झाक हाय. चुकीचा रंग मी पोरांपुढं ठेवणार न्हाई."

झालं. चार वर्षं!

*

एकदा पालमचा एक शेतकरी खोकल्याचं औषध घ्यायला आला. त्याची नजर आत गेली.

"फवारणीचं ड्रोन का? किती लिटरचं हाय?"

सरांना श्रोता पाहिजेच असतो. त्यांनी त्याला स्टुलावर बसवून अर्धा तास विमानवाहू जहाजं, पंखांवरचे लाल गोळे, पंखांच्या कडेचा पिवळा पट्टा, सगळं ऐकवलं. तो बिचारा खोकत खोकत ऐकत होता. शेवटी उठला आणि म्हणाला,

"फवारतच न्हाई, तर मंग कशाला एवढं रंगवायलाव?"



*

रंगाचं काम मुनीरभाईंकडे. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा, सगळं तेच करतात. हात असा की नुसती रेघ ओढली तरी बघत बसावं.

सरांनी त्यांना सांगितलं, "नुसता रंग नको. उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं त्या विमानांचे पापुद्रे निघायचे. तसे निघाले पाहिजेत."

मुनीरभाईंनी पत्र्याच्या तुकड्यांवर सहा वेळा करून पाहिलं. सर सहाही वेळा नखानं खरवडून म्हणाले, "निघंना!"

मुनीरभाईंनी ब्रश खाली ठेवला. "सर, तीस साल झाले या धंद्यात. गिऱ्हाईक रंग निघाला म्हणून भांडायला येतंय. रंग निघंना म्हणून भांडणारे तुमी पहिले!"

*

मग लाल गोळ्याची ट्रायल झाली. प्लायवुडचा पंख कापला, मुनीरभाईंनी परकार न लावता गोळा काढला. एकदम गोल! सर खूश. मीही खूश, म्हटलं, आता सुटलो.

तेवढ्यात सरांनी चष्मा सारखा केला आणि पंखाजवळ वाकले. गोळ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुनीर आर्ट्स, परभणी'. खाली मोबाईल नंबर!

"जपानी नौदलाच्या विमानावर?" सरांचा आवाज चिरकला.

मुनीरभाई शांत. "जपानच्या पेंटरनं नाव-नंबर टाकला असता, तर तुमाला आज त्यालाच रंग विचारता आला असता का न्हाई?"

सर दोन दिवस फिरकले नाहीत.

*

येलदरीला एका लग्नाला मी सरांना सोबत नेलं, ही माझी घोडचूक. अक्षता पडल्या आणि सर दिसेनात. शोधतो तर काय, नवरदेवाच्या वडिलांच्या खांद्याला शेडकार्ड लावून उभे! त्यांच्या सफारीचा रंग सरांच्या म्हणण्याप्रमाणे 'जवळपास तोच' होता.

"थोडं उन्हात या," सर त्यांना म्हणत होते.

आणि ते आले! भर मांडवातून, व्याही-मंडळींच्या देखत! मी धावत जाऊन माफी मागितली, तर त्या भल्या माणसानं मलाच बाजूला घेतलं.

"रंग चुकला असंल तर आत्ताच सांगा. दुसरा हाय गाडीत."

*

आणि या दिवाळीआधी आक्रीत घडलं. मुनीरभाईंनी पत्र्यावर एक शेड लावली आणि सर ओरडले, "हाच! हाच तो!" चार वर्षांनी! मुनीरभाईंनी मला मिठी मारली. मी हेडमास्तरांना फोन लावला, कपाट पुसून घ्या म्हटलं.

मधे फक्त सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. उजवा डोळा आधी, डावा महिन्यानं. म्हटलं, पहिला डोळा आटपला की लगेच रंगवू.

आठ दिवसांनी सर काळा चष्मा लावून आले. मुनीरभाई डबा ढवळतच होते. सरांनी चष्मा काढला, पत्रा हातात घेतला.

"हा कोणता?"

"तुमीच पास केलेला."

"ह्यात पिवळं कुठंय? हा तर नुसता राखाडी!"

मुनीरभाईंचा हात डब्यातच थांबला. सरांनी डावा डोळा झाकून बघितलं. मग उजवा झाकला.

"हां, हाय की!"

परत डावा झाकला. परत उजवा. पुस्तक मागवलं, त्यातलं चित्र तसंच बघितलं. माझं पांढरं शटर बघितलं. मुनीरभाईंचा सदरा बघितला. मी आणि मुनीरभाई एकमेकांकडं बघायचं टाळत होतो. मोतीबिंदूतून सगळं पिवळसर दिसतं, हे मेडिकलवाल्या मला तरी आधी सुचायला हवं होतं.

शेवटी सरांनी पत्रा टेबलावर ठेवला, खिशातून फोन काढला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना लावला.

"डॉक्टरसाहेब, त्या दुसऱ्या डोळ्याचं सध्या राहू द्या. त्याच्याकडं काम चालू हाय!"