संडासाची किल्ली

हडपसरच्या एका शिवण कारखान्यात मी वर्षातून दोनदा दुभाषी म्हणून जायची. तिथे शिवलेल्या पिशव्या परदेशातली एक मोठी कंपनी विकायची. कामगारांना नीट वागवतात की नाही, हे पाहायला कंपनीची तपासनीस बाई यायची. तिला मराठी येत नव्हतं. मी इंग्रजी शाळेतली आणि कमी बोलणारी. मालकांना दोन्ही गुण पसंत होते.

पिशवीच्या पट्टीवर छापलेलं असे : ‘मराठेशाहीची परंपरा, आनंदी हातांची शिलाई.’ मराठेशाहीत असल्या पिशव्या कोण शिवत होतं, देव जाणे.

तपासणीच्या दिवशी मांडववाल्याकडून पाठीच्या खुर्च्या भाड्याने यायच्या. एरवी बायका स्टुलांवर बसत. संडासाला कुलूप असे आणि किल्ली सुपरवायझरच्या गळ्यात. त्या दिवशी मात्र कुलूप गायब व्हायचं.

“आज बघायचा कार्यक्रम हाय,” मांजरी गावाहून शिवायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या. “खाली बघायचं, सगळ्याला हो म्हणायचं. पोहे कुठंयत?”

मीही हसायची. घरी असे दोन कार्यक्रम मी खाली बघूनच काढले होते.

शेवटच्या खेपेला मी लवकर पोचले. सातवा महिना लागलेली, माझ्याच वयाची एक मुलगी सुपरवायझरसमोर उभी होती. किल्ली मागत होती.

“आत्ताच जाऊन आलीस ना?” तो म्हणाला.

तपासनीस बाईंची गाडी फाटकात आली तेव्हा त्याने कुलूप काढलं.

चौकशीला बाईंनी त्याच मुलीला बोलावलं. खोलीत आम्ही तिघीच असायला हव्या होत्या, पण सुपरवायझर चहा घेऊन आला आणि कप लावत रेंगाळला. संडासला हवं तेव्हा जाता येतं का, असं बाईंनी विचारलं. मी मराठीत सांगितलं. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आज येतं,” ती म्हणाली.

“हो म्हणाली,” सुपरवायझर मला म्हणाला. “सांगा.”

“ती ‘आज’ म्हणाली.”

मी इंग्रजीत तसंच सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की बाईंना ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “आणि काल?” मी तेही मराठीत विचारलं.

मुलीने सुपरवायझरच्या गळ्याकडे बोट केलं. किल्लीची दोरी सदऱ्यात खोचलेली होती, तरी दिसत होती.

संध्याकाळी मालकांनी मला आवारात गाठलं. “मॅडम, आपल्याला भाषांतराला बोलावलं होतं. समाजसेवेला नाही.”

“भाषांतरच केलं.”

“पुढच्या वेळी येण्याची तसदी घेऊ नका.”

“बरं. पण त्या मुलीला काढलंत, तर बाईंना मी कळवीन. आणि तेव्हा मला कुणी बोलवायची गरज नाही.”

एवढं सलग मी घरीही कधी बोलले नव्हते.

तोवर मांडववाल्याचा टेम्पो लागला होता. खुर्च्या चढत होत्या. शेवटच्या खुर्चीवर मावशी जाऊन बसल्या.

“मावशी, उठा. मोजून न्यायच्यात,” टेम्पोवाला म्हणाला.

“मग एक कमी मोज. ही पोरीला लागंल. भाडं मालकाला लाव.”

मालक तिथेच उभे होते, आणि तपासनीस बाईंची गाडी अजून फाटकात होती. त्यांनी टेम्पोवाल्याला निघायची खूण केली.

मावशी उठल्या आणि त्यांनी खुर्चीचा एक हात धरला. दुसरा मी धरला. आम्ही ती आत नेऊन त्या मुलीच्या मशीनपुढे ठेवली.