एका बोटाची वंशावळ

उमरग्याच्या नेट कॅफेत एक निवृत्त गुरुजी रोज माझ्या शेजारी बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. हौशी लोकांनी फुकटात चालवलेल्या एका वेबसाइटवर ते आसपासच्या गावांच्या वंशावळी चढवायचे, तेही एका बोटानं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, टायपिंग दहा बोटांनी. पण माझ्या खापरपणजोबाचं नाव मला त्यांच्याकडूनच कळलं.

एकदा एक शेतकरी तणतणत आला. "गुरुजी, माझ्या बहिणीचं नाव कशाला घातलं? उद्या रानात वाटा मागंल ती!"

"ही वंशावळ हाय, सातबारा न्हाय."

"तरी काढा."

गुरुजींनी सावकाश चष्मा पुसला. "काढतो की. पण तुमच्या घरची समदी नावं तिनंच सांगितली. सांगणारीचं नाव गेलं की नियमानं समदं घर काढावं लागतंय. तुमीबी."

त्यानं वाकून स्क्रीनवरचं स्वतःचं नाव वाचलं. "मग ऱ्हाऊ द्या. पण तिचं तेवढं बारीक अक्षरात करा."

तो गेल्यावर मी विचारलं, "असा नियम खरंच आहे?"

"फुकटात राबतोय, एखादा नियम तरी माझा असू दे की," म्हणत गुरुजींनी त्या बहिणीच्या नावाखाली तिच्या तिन्ही लेकी एका बोटानं चढवल्या.