जावईबापूंचा झिरा

माझे गुडघे दुखायला लागले की मी तसं सांगत नाही. मी आजूबाजूला बघते आणि म्हणते, "काय छान सावली आहे इथं." आमच्या घरात आता ही चलाखी सगळ्यांना ठाऊक झाली आहे. तरी मागच्या मे महिन्यात नात कुत्र्याला घेऊन डोंगराकडच्या ओढ्याकाठी चालायला निघाली, तेव्हा मीच म्हटलं, "मी पण येते." कुणी आग्रह केला नव्हता. घरी थांब म्हणणारं मात्र कुणीतरी असायला हवं होतं.

नात कॉलेजात शिकते. कुत्रा लॅब्रॅडॉर, अंगानं भरलेला. त्याचं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून मी त्याला जावईबापू म्हणते. आयतं खायचं, कूलरसमोर पसरायचं, आणि वर सगळ्यांनी विचारायचं की काही कमी तर पडत नाही ना.

नातीनं पाठीवरच्या बॅगेत पाण्याच्या चार बाटल्या भरल्या होत्या. ती बूट घालत होती तेवढ्यात मी त्यातल्या तीन काढून ओट्यामागं ठेवल्या आणि त्या जागी धपाट्यांचा मोठा डबा बसवला. ओढ्याकाठी चालायचं आणि पाणी घरून न्यायचं, हे मला फार हास्यास्पद वाटलं. लहानपणी पाचोडकडच्या आमच्या वस्तीवरून मेंढ्यांमागं दिवस दिवस हिंडायचो, कुणी कधी पाणी सोबत घेतलं नाही. एवढं मला चोख आठवलं. त्या गोष्टीला पन्नासच्या वर वर्षं झाली, हे तेवढं आठवलं नाही.

सहाला निघायचं ठरलं होतं. जावईबापूंना बसवून घ्यायला तयार होईल असा रिक्षावाला आमच्या उस्मानपुऱ्यात साडेसातपर्यंत भेटला नाही. चालायला लागलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

ओढा कोरडा होता. पांढरी वाळू, तापलेले गोटे, मध्येच कुणाची तरी एक चप्पल. पायवाट काठाकाठानं वर जात होती.

"आजी, पाणी कुठंय?" नातीनं विचारलं.

"पुढच्या वळणाला असंल."

पुढच्या वळणाला नव्हतं. त्याच्या पुढच्यालाही नव्हतं. तिसऱ्या वळणापर्यंत आमची एकुलती बाटली तिघांत संपली होती. माझे पाय माझे राहिले नव्हते, कुणाचे तरी उसने आणल्यासारखे मी ते उचलून पुढं टाकत होते. परत फिरू म्हणायचं आणि तोंड काही उघडेना. आपणच यायचं म्हटलं, आता आपणच कसं दमायचं, असला ताठा. वयानं गुडघे गेले, हा मात्र तसाच शाबूत.

एका करंजाखाली जावईबापू बसले ते उठेनातच. जीभ लांब लोंबलेली, धाप थांबत नव्हती. नातीनं पट्टा ओढला तर त्यांनी मान खाली टाकून डोळे मिटले. हिरड्या लालभडक झाल्या होत्या. दुसरी बाटली काढायला नातीनं बॅग पालथी केली. धपाटे पडले, टोपी पडली.

"मी चार भरल्या होत्या," ती म्हणाली. "मला नक्की आठवतंय."

"नीट बघ," मी म्हणाले. एवढं खोटं मी बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते.

फोनला रेंज नव्हती. रस्ता तासाभराच्या चालीवर होता आणि एवढा जड कुत्रा दोघींनी उचलणं शक्य नव्हतं. नात रडायला लागली. "मीच घरी विसरले असणार. माझ्यामुळं मरेल हा."

तिनं स्वतःवर घेतलं ते मला सोसेना. पण खरं सांगायलाही जीभ वळेना. मी काठावरून बूड घासत वाळूत उतरले. "डब्याचं झाकण दे," म्हटलं.

ओढ्याच्या वाळवंटात झिरा, म्हणजे पाणी पाझरेल असा खड्डा, कुठं काढायचा हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं. शिकवलं कसलं, ती करायची आणि मी बघायची. ओढा वळतो तिथं बाहेरच्या अंगाला, काठावर झाड हिरवं असेल तिथं, वाळू उकरायची. करंज हिरवागार होता. झाकणानं वाळू ओढायला लागले. कोपरभर कोरडीच निघाली. मग थंड, मग काळपट.

हे हात आईचे चालायचे तसेच चालत होते, याची मला लाजच वाटली. कारण मधली कित्येक वर्षं मी त्यांना हे विसरायला लावलं होतं. नवरा वाळूजच्या कंपनीत लागला, बजाजनगरात खोली मिळाली, आणि वर्षभरात मी एवढी शहरी झाले की माझी मलाच ओळख पटेना. एका उन्हाळ्यात माहेरी गेले ती उंच टाचेच्या चपला घालून, खांद्याला लाल वॉटरबॅग लटकवून. त्या चपलांनी वाळूत दोनदा पडले. आईनं शेळ्यांसाठी झिरा काढला होता, त्यातलं नितळ पाणी तांब्यात घेऊन पुढं केलं.

"नको, त्यात जंतू असतात. आम्ही नळाचं पितो," मी म्हणाले.

आईनं तांब्या शेळीपुढं धरला. "पी बाई तू," शेळीला म्हणाली. "आमची लेक आता नळाची झाली."

त्या लाल वॉटरबॅगवाल्या बाईच्या पाठीत धपका घालावा असं मला अजून वाटतं. आणि ओट्यामागं बाटल्या लपवणाऱ्या म्हातारीच्याही. दोघी सारख्याच दीडशहाण्या.

खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपलं. चहासारखं गढूळ. नात झेपावली, तिला म्हटलं, "थांब. हे उपसून टाकायचं."

"आजी, तो मरतोय."

"चिखल पाजला तर वकंल. ओढणी दे तुझी." उपसलेलं गढूळ पाणी ओढणीवर ओतलं. ती ओली ओढणी तिनं कुत्र्याच्या पोटावर, पंजांवर फिरवली. मी पुन्हा उपसलं. पुन्हा वाट बघितली. लहानपणी मला कधी वाट बघता आली नाही, पहिल्याच पाण्यात ओंजळ घालून मी ते ढवळून ठेवायची आणि पाठीत रट्टा खायची. आता बघता आली. शहाणपण आलं म्हणून नव्हे, उठायची ताकद नव्हती म्हणून.

चौथ्या वेळी पाणी निवळलं. नातीनं झाकणातून थोडं थोडं पाजलं. तीन झाकणं बाहेरच सांडली. चौथ्याला जीभ हलली. बऱ्याच वेळानं जावईबापूंनी डोळे उघडले, झिऱ्यापर्यंत सरपटत आले आणि सगळं अंग घेऊन त्यातच बसले. माझी सगळी मेहनत पुन्हा गढूळ.

नात हसत होती आणि रडतही होती.

"बाटल्या ओट्यामागं आहेत," मी म्हणाले. "मी काढल्या."

तिनं डब्याकडं बघितलं. "धपाट्यांसाठी?"

"व्हय."

"तीन?"

"डबा मोठा व्हता."

ऊन कलेपर्यंत तिथंच बसलो, ती कुत्र्याजवळ आणि मी जरा लांब. निघताना झिरा साफ करून भोवती गोटे लावायचे असतात, मागून येणाऱ्या ढोरांना दिसावा म्हणून. मी पहिला गोटा उचलायला वाकले, तर नातीनं तो माझ्या हातातून घेतला.

"तू बस," ती म्हणाली. "कुठं ठेवायचे तेवढं सांग."

मी सांगत गेले, तिनं एकेक करून सगळे लावले. जावईबापू आपले आपण उठून उभे राहिले. मला मात्र दोन्ही हात धरून उठवावं लागलं.