वाघ काय म्हणाला

वच्छलाबाई गेल्याची बातमी तुम्हाला मोबाईलवर कळली असेल. मला कोणी कळवावी लागली नाही, मी तिथेच होते. त्या सकाळी मोहफुलं वेचायला गेलेल्या आम्हा बायांमध्ये तिच्या सगळ्यात जवळ मीच होते. दुपारपर्यंत बातमी गावातून तालुक्याला गेली, तिथून कुठल्या कुठल्या देशांत, आणि माझ्या मोबाईलवर अनोळखी लोकांचे निरोप यायला लागले. त्यातल्या कितीतरी निरोपांत हसणारी तोंडं होती... लोकांना वाटलं, हा बाईचा नवा किस्सा आहे. वाघावर विनोद करून जगाला हसवणाऱ्या बाईला वाघानेच नेलं, हे ऐकून कोण पटकन खरं मानणार? तरी मला त्यांचा राग आला, खूप आला. मोबाईल पिठाच्या डब्यात टाकला आणि वरून झाकण लावलं. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, म्हणून लिहायला बसले आहे. ती समोर असताना मी तिला ‘तुमी’ म्हणायचे, थोरली जाऊ होती माझी. लिहिताना मात्र ते अहोजाहो काही जमत नाही, तेवढं चालवून घ्या.

मी कोरपन्याकडची. कापसाच्या वावरात आणि सिमेंटच्या धुळीत वाढले, तिकडे पहाटे बाहेर पडायला कोणी भीत नव्हतं. लग्न होऊन गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावात आले, तर इथे घरामागचं कुडाचं कुंपण संपलं की जंगलच. पहिल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जायचं ठरलं आणि मला आदल्या दिवशी जेवण गेलं नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं. वच्छलाबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “पोट नाई दुखत तुहं. भेव लागून राह्यलं तुले. मधात चालजो, अन् तोंड बंद ठेवू नको.” काय बोलू, मी विचारलं. “काईबी बोल. वाकून फुलं वेचनारी बाई वाघाले जनावर दिसते. बोलली का मंग मानूस समजते.” त्या सकाळी मी कसली बोलते. तीच बोलत राहिली. गावातल्या एकेकाच्या नकला, पाटलीणबाईची चाल, कंडक्टरचा आवाज, स्वतःच्या नवऱ्याचं झिंगणं... “तुमी जंगलातल्याले भेता. माह्या घरचा तं शिशीत बसते, अन् रोज संध्याकाळी बाहेर निघते.” आम्ही टोपल्या सोडून हसत होतो. मला वाटलं, काय आनंदी स्वभावाची बाई आहे. परत येताना नाला ओलांडायला मी तिचा हात धरला, तो गार पडला होता. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली बाई त्या घोळक्यात एकच होती, आणि ती ही.

त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. ती लहान असताना तिची आई आणि मावशी एका कोंबडीवरून भांडल्या होत्या. दोघींचा अबोला. तरी फुलं वेचायला सोबतच गेल्या, कारण एकटीने जायची हिंमत कोणाचीच नव्हती. पाठीला पाठ करून दोघी वेचत राहिल्या. टोपली भरली तेव्हा आईने मागे वळून पाहिलं तर बहीण नव्हती. वाघाने कधी नेली, सख्ख्या बहिणीला पत्ता नाही... कारण बोलायचंच नाही असं दोघींनी ठरवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या माहेरी एक रीत पडली, ती बाईने आमच्या गावात आणली. जंगलात शिरायच्या आधी शिवेवर थांबायचं, आणि ज्यांचं आपसात पटत नाही त्यांनी तिथेच एकमेकींशी बोलून घ्यायचं. गोड बोलायची सक्ती नव्हती. मी एकदा तिच्यावर फुगून बसले होते, तर शिवेवर माझा रस्ता अडवून म्हणाली, “शिवी दे मले, पन बोल. नाई तं मांगं फिर.” मी दिली, चांगली दणकून दिली. ती म्हणाली, “हं. चाल आता.”

तर तिच्या विनोदाची शाळा ही. पुढे मोठमोठ्या लोकांनी तिला विचारलं की तुमची प्रेरणा काय, तेव्हा ती सरळ सांगायची, “भेव.” लोक त्यावरही हसायचे.

वनखात्याने डोक्याच्या मागे बांधायला मुखवटे वाटले होते, तेव्हाची गोष्ट. वाघ मागून येतो, मागेही तोंड दिसलं की येत नाही, असं साहेबांनी समजावून सांगितलं. बाईने मुखवटा बांधला आणि चावडीसमोरच सुरू झाली, “पुढूनबी तोंड, मांगूनबी तोंड. वाघ म्हनन, हे तं सासू होय. दोन्हीकडून पाह्यते, दोन्हीकडून बोलते. हिले खाल्लं तं पोटातूनबी बोलत राहीन.” साहेबसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसले. मी ते मोबाईलवर घेतलं आणि कोरपन्याला बहिणीला पाठवलं. बहिणीने कोणाला पाठवलं देव जाणे. महिन्याभरात वडशाच्या एका नाटक कंपनीचा माणूस दारात हजर, हिवाळ्यात दोन अंकांच्या मधात उभं राहायला बाई पाहिजे म्हणून. मग मुंबईहून ईशा नावाची पोरगी आली. ती अशाच एकट्याने उभं राहून हसवणाऱ्यांचे कार्यक्रम लावते. तिने बाईचं बोलणं इंग्रजीत करून व्हिडिओखाली लिहायला सुरुवात केली आणि ते जगभर फिरायला लागलं. सासू सगळ्याच देशांत असते, हे मला तेव्हा कळलं. बाई कार्यक्रमाला निघाली की मला काळजी लागायची. गर्दी, विमान, इतके अनोळखी डोळे... आणि ती नसताना जंगलात आमचं काय, हेही. आम्ही तिचे जुने किस्से मोबाईलवर मोठ्याने लावून फुलं वेचायचो. पण सगळे पाठ झालेले, हसू कोणाला येणार? मोबाईल एकटाच बोलायचा आणि आम्ही माना वळवून वळवून मागे पाहायचो.

मागच्या वर्षी ईशा तिला सिंगापूरला घेऊन गेली. तिथे देशोदेशीचे असे हसवणारे जमले होते. बाई तिथून रोज मला व्हिडिओवर दिसायची, हिरवं लुगडं, पायात स्पोर्टचे बूट. एक दिवस सांगत होती, आफ्रिकेतला एक धिप्पाड माणूस, त्याला पाहायला म्हणे हजारो लोक येतात, तो पडद्यामागे बादलीत ओकत होता. एक गोरी पोरगी भिंतीला कपाळ टेकवून उभी होती. “सगळे भेतात वं इथी,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला सुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. “वाघाले नाई. लोक चूप बसतीन म्हनून भेतात. म्या त्या काळ्या भावाले पानी देल्लं, पाठीवरून हात फिरवला. मले तं त्याचं सारं समजलं. भाषा नाई समजली, पन भेव समजलं.”

तिची स्वतःची अडचण मात्र निराळी होती. ती बोलायची आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत, मागच्या पडद्यावर इंग्रजी उमटायचं. लोक आधी वाचणार, मग हसणार. मधात थोडा वेळ सगळं सामसूम. पहिल्या दिवशी त्या सामसुमीत ती इतकी घाबरली की पुढचं, त्याच्या पुढचं, सगळं एका दमात बोलून गेली. लोकांचं हसू मागेच राहिलं. ईशाने तिला बसवून समजावलं, बाई, थांबायचं. आपलं वाक्य झालं की थांबायचं, ते येतात. पुढच्या वेळी ती थांबली. “नजर पडद्याच्या बुडाशी गेली माही,” ती म्हणाली. “वाटलं, तिथून निघन.” वाघ निघाला नाही. हसू आलं, मोठं आलं. मग तिला थांबणं जमायला लागलं आणि आवडायलाही लागलं. लोकांना चूप करायचं, ताणून धरायचं आणि मग सोडायचं. आयुष्यभर ज्या शांततेला भ्यायली, ती आता तिच्या मुठीत होती. मला तिचा अभिमान वाटला. आजही वाटतो, आणि आता त्या आठवणीची भीतीही वाटते.

परत आली ती बदलून आली, असं मी म्हणणार नाही. तेच लुगडं, तीच तंबाखू, पंचायतीत तीच भांडणं. पण तिचं सांगणं बदललं होतं. आधी तिच्या बोलण्यात आमचंही बोलणं मिसळायचं. कोणी मधेच तोडायचं, कोणी आपलंच लावायचं, एकच कालवा. आता ती गोष्ट अशी सांगायची की आम्ही सगळ्या कान देऊन ऐकायचो.

त्या सकाळी उजाडलं होतं, धुकं नव्हतं. मोहाच्या एका मोठ्या झाडाखाली आम्ही सगळ्या. बुंध्याच्या पलीकडे ती, अलीकडे मी. ती सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयाची गोष्ट सांगत होती. ही अजून कुठेच सांगितली नव्हती, पहिल्यांदा आम्हालाच. “काचेच्या मांगं मोठा ढाण्या वाघ. लेकरं काचेवर हात मारून राह्यले, तो उठाचं नाव नाई घे. मी गेली. मले पाह्यलन अन् उठून बसला. काचेजवळ आला. वळखलन ना मले. म्या म्हटलं, काऊन गा, कोन्त्या गावचा तू? तं तो म्हटला...”

आणि ती थांबली.

आम्हीही थांबलो. फुलाला लागलेले हात तसेच. कोणी टोपली हलवली नाही. पलीकडे वाळलेली पानं वाजली. मला वाटलं, ती वाघाची चाल करून दाखवते आहे, स्टेजवर तशी दाखवायची. सखूकाकू, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, आधीच हसायला लागली होती. मीही हसतच होते... किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. अबोल्याने नव्हे, ऐकण्याच्या आशेने आम्ही सगळ्या चूप बसून राहिलो होतो. मग मी म्हटलं, “सांगा ना वं बाई,” आणि बुंध्याला वळसा घालून पलीकडे गेले. तिची टोपली सरळ उभी होती, फुलंही सांडली नव्हती.

पुढचं मी लिहिणार नाही. वनखात्याची माणसं, पंचनामा, कॅमेरे घेऊन आलेली पोरं, हे तुम्ही पाहिलंच आहे. गावात काहींनी म्हटलं, त्याची थट्टा करत होती म्हणून त्याने नेलं. मी त्यांना चांगलंच झाडलं. त्याला थट्टा कळत असती तर तो आमच्यासारखाच गोष्ट संपायची वाट पाहत बसला असता. ईशा आली होती, माझ्याजवळ बसून एकच वाक्य म्हणत राहिली, मीच तिला थांबायला शिकवलं. मी तिला म्हटलं, पोरी, तू तिला हसू मिळवायला शिकवलं, जंगल कुठे तुझ्या ओळखीचं होतं. ती रडत होती. मला रडू येत नव्हतं, मला नुसती भीती वाटत होती. मी अंगणवाडीत शिकवते, तिथे कविता म्हणतानाही सगळी पोरं एकदम गप्प झाली की मी लगेच टाळ्या वाजवायला लागायचे.

पण विड्यांचा तेंदूपत्ता काही थांबत नाही. पानाचा हंगाम चार दिवसांचा, त्याच्या पैशावर पावसाळा निघतो. परवा आम्ही पुन्हा निघालो. शिवेवर उभ्या राहिलो, भांडण कोणाचंच नव्हतं, तरी पाय कोणी उचलेना. शेवटी सखूकाकू पुढे झाली. आत गेलो. पानं खुडल्याचा तेवढा चटचट आवाज. बोलायचं सगळ्यांना माहीत होतं, पण पहिला शब्द कोणी काढेना. मला पक्कं वाटत होतं, आता, आता... तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून सखूकाकू ओरडली, “मंग काय म्हटला वं तो?”

कोण, असं कोणी विचारलं नाही.

मग आमच्यातली पार्वता म्हणाली, “तो म्हटला, मी गोंडपिपरीकडचाच आहो. इथी एसीत नोकरी लागली.” कोणीतरी फिसकन हसलं. दुसरी ओरडली, “नाई वं, तो म्हटला, बाई, तुमाले काचेमांगं कोनं कोंडलं?” मग तिसरी, चौथी. प्रत्येकीचा वाघ वेगळं म्हणत होता. आवाज वाढत गेला, झाडावरची माकडं दूर पळाली. मग माझी पाळी आली. मला विनोद येत नाही, कधीच आला नाही. तोंडात आलं ते ओरडले, “तो म्हटला, तुमच्या जंगलात माहा भाऊ राह्यते. मी त्याले सांगून ठेवतो, वच्छलाबाईले हात लावू नको म्हनून.”

कोणी हसलं नाही. सगळ्यांचे हात थांबले. पानाचाही आवाज येईना, आणि ती शांतता चारही बाजूंनी जवळ सरकायला लागली.

“अन् मंग?” सखूकाकू ओरडली. तिचा आवाज फाटला होता. “मंग काय झालं वं? बोल, थांबू नको.”

मी बोलत राहिले.