शेवटचा पाव फेरा

"डोळे मिटा ताई. जमलं तर तोंडही."

या वाक्याचं मी जितकं निमूट ऐकलं, तितकं माझ्या आईचंही कधी ऐकलं नसेल. समोर गाडीचं बॉनेट उघडं, आत आठ सिलिंडरचं इंजिन चालू, आणि कार्बोरेटरवर वाकलेले काका हातातला बारका स्क्रू ड्रायव्हर माझ्यावर रोखून उभे. मी डोळे मिटायचे. मग नुसता आवाज उरायचा. आधी घशात काही अडकल्यासारखा, मग हळूहळू मोकळा होत जाणारा. धायरीतली सकाळ, शेडच्या पत्र्यावरचं ऊन, पेट्रोलचा गोडसर वास, सगळं त्या आवाजात विरघळून जायचं आणि मी कुठेतरी निघून जायचे. बहुतेक वेळा बाबांच्या स्कूटरवर, पुढे उभी, वाऱ्याने डोळे बारीक केलेली. अशात काकांचा आवाज यायचा, "बस. लागला."

डोळे उघडले की गाडी एका सुरात चाललेली असायची, दुपारी पोटभर जेवून झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. एका गोष्टीतलं सगळं कळणारा आणि बाकी कशातलं काही कळून घ्यायची इच्छा नसणारा. काका फक्त कार्बोरेटर बघायचे, म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी ती वीतभर वस्तू. ब्रेकचं विचारलं तर म्हणायचे, "तो अवयव आमच्याकडे नाही." कसबा पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. फोन नव्हता. दारावर पाटी होती: "निरोप तोंडी सांगू नये. लिहून द्यावा. अक्षर न लागल्यास गाडी आहे तशीच राहील."

लोक त्या पाटीचा फोटो काढायचे, हसायचे, पुढे पाठवायचे. मीही पाठवला होता. पुण्यात माणूस तिरसट आहे म्हटलं की आपण पुढचा विचारच करत नाही.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती बाबांच्या गाडीमुळे. बाबांनी सरकारी वर्कशॉपात जन्मभर ट्रक दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर एका लिलावातून हे अमेरिकन धूड उचलून आणलं. दोनच दारं, नाक मात्र हे एवढं लांब. विहारामागच्या आमच्या गल्लीत ती वळवायची तर शेजारच्या दोन दुचाक्या हलवाव्या लागतात. बाबांनी इंजिन उघडलं, साफ केलं, परत जोडलं, आणि ते चालू व्हायच्या आत गेले. मला गाडी विकायची होती, खोटं कशाला बोलू? पण बंद गाडी कोण घेणार? म्हणून एकदा चालू करून घ्यावी, एवढाच माझा हेतू.

कार्बोरेटर टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन मी बसने शनिवारवाड्यापर्यंत नेला आणि पुढे चालत कसब्यात. काकांनी आधी वस्तूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अशा उजेडात या. हां. आता बोला. काय करता आपण?"

"हिंजवडीला असते. नव्या गाड्यांमध्ये पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो ना, त्याचं सॉफ्टवेअर लिहिते."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे आम्हाला मारलं ते तुम्ही. या, बसा. चहा घेणार?"

आठवडाभराने ते कापडी पिशवी घेऊन धायरीच्या बसमधून उतरले, पूर्वी डॉक्टर घरी यायचे तसे. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, फडकं आणि खोकल्याच्या गोळ्यांची एक चपटी डबी. कार्बोरेटर बसवला, दोन-तीन खाकरे झाले आणि बाबांची गाडी अशी काही गरजली की आई हातात झारा घेऊन बाहेर आली. मी रडले. विकण्याची गोष्ट तिथेच संपली.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी, हवा पालटली की मी कसब्यात चिठ्ठी टाकायचे आणि काका यायचे. त्यांची रीत ठरलेली. इंजिन नीट तापू द्यायचं. डावा पंजा मडगार्डवर सपाट ठेवायचा आणि उजव्या हाताने मिश्रणाचा स्क्रू आवळत न्यायचा, गाडी अडखळेपर्यंत. मग उलटा फिरवत आणायचा, ती सावरेपर्यंत. एक बाजू झाली की दुसरी. इतकं झालं की थांबायचे.

"शेवटचा पाव फेरा मालकाचा. गाडी तुमची, कान तुमचे. मी नुसता फिरवणार. डोळे मिटा ताई."

मला ही केवढी मोठी गोष्ट वाटायची! आमच्याकडे हेच काम यंत्र करतं, हा माणूस मात्र ते माझ्या कानांवर सोपवतो. ऑफिसात मी हे रंगवून रंगवून सांगायचे. पोरं म्हणायची, "कसलं भारी!" कसब्यात तर म्हणायचेच, की काकांचा कान म्हणजे काही विचारू नका.

मग ती सकाळ आली. काका पोचले होते, इंजिन तापत होतं, आई आत पोहे करत होती आणि माझ्या फोनवर ऑफिसचा मेल आला. आमचा अख्खा विभाग बंद. माझं बारा वर्षांचं काम चार ओळींत आटोपलं होतं, आणि शेवटी पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. मी फोन खिशात टाकला. आईला काय सांगायचं, घराच्या हप्त्यांचं काय, काही म्हणता काही सुचत नव्हतं.

"डोळे मिटा ताई. जमलं तर तोंडही."

मिटले. आवाज होता, पण मी त्यात नव्हते. मी त्या चार ओळींत फिरत होते. किती वेळ गेला कोण जाणे. कधीतरी जाणवलं की काका फिरवतायत, फिरवतायत, थांबतच नाहीयेत. गाडी धपापायला लागली, काळा धूर नाकात गेला, आणि दोन आचके देऊन इंजिन बंद पडलं. मी डोळे उघडले. गालांवर पाणी होतं, ते तेव्हा कळलं.

"काका, अहो, केव्हाची छान लागली होती की! इतका कशाला फिरवलात?"

काका घामाघूम झाले होते. "मग रडत का होतात?"

मी मान खाली घालून पुटपुटले, "नोकरी गेली माझी. आत्ताच."

मी तशीच उभी. मग त्यांनी माझ्या हनुवटीपाशी स्क्रू ड्रायव्हर हलवला. त्या माणसाच्या आवाजात मी पहिल्यांदाच अजिजी ऐकली.

"वर बघून सांगा ताई. ओठ दिसत नाहीत."

ती पाटी, ते "उजेडात या", तो नसलेला फोन, सगळं एकदम समोर उभं राहिलं. म्हणजे इतके दिवस मी डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकत होते, आणि काका माझा चेहरा बघत होते.

"सहा-सात वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी बारीक आवाज गेले, मग सगळेच. हाताला कळतं बरंचसं. शेवटचा पाव फेरा तेवढा कळत नाही. तो माणसाच्या तोंडावर दिसतो. आवाज बरोबर लागला की कपाळ सैल पडतं. कोणाचंही असो. आज हात म्हणत होता, झालं. तुमचं तोंड म्हणत होतं, नाही झालं. मी तुमच्या तोंडाचं ऐकलं."

त्यांनी ती चपटी डबी उघडून दाखवली. आत कार्बोरेटरच्या, पेट्रोल सोडणाऱ्या पितळेच्या बारक्या जेट्सबरोबर कानाचं मशीन पडलेलं. "सुनेने आणून दिलंय. याच्यात माणसं ऐकू येतात हो. इंजिन येत नाही."

खरं होतं ते. सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं समजून ते मशीन तो गाळून टाकतं. कोणीतरी माझ्यासारख्याच माणसाने ते तसं लिहिलेलं असणार.

"कार्बोरेटरवाला ठार बहिरा आहे हे कसब्यात कळलं ना ताई, तर माझ्याकडे गाडी कोण देईल? पाटीला हसतात तेवढं पुरे आहे."

"मी नाही सांगणार कोणाला. तुम्ही आईला सांगू नका."

"ते तुम्हीच सांगा. आणि आजच. तुमचा चेहरा काही लपवत नाही. लपवायला लागला तर माझा धंदा बसेल."

आम्ही दोघं हसलो. मग मी आत गेले आणि ओट्यापाशी उभं राहून आईला सांगितलं. ती रागावली ती फक्त एवढ्यावर, की काकांना आधी कळलं.

चार महिन्यांनी मला दुसरी नोकरी लागली. काकांचं गुपित मी जपलं. त्यांच्या इतर गाड्यांपाशीही कधी गेले तर मालकांना मीच दटावायचे, "डोळे मिटा हो, काका सांगतायत ना!" काका माझ्याकडे बघायचेही नाहीत. अगदी कोरा चेहरा.

मग त्यांचे हात कापायला लागले. एक दिवस मीच रिक्षा करून त्यांना धायरीला आणलं. मडगार्डाशेजारी खुर्ची ठेवली. स्क्रूच्या खाचेत त्यांना टोक धरता येईना. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो बारका स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत बसले. मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा पंजा उचलून मडगार्डवर सपाट ठेवला आणि त्यांच्यासमोर, अगदी उजेडात जाऊन म्हणाले,

"डोळे मिटा काका. जमलं तर तोंडही."

त्यांनी मिटले. मी फिरवत गेले, आणि इंजिनाकडे एकदाही लक्ष दिलं नाही. नुसती त्यांच्याकडे बघत होते. पांढऱ्या भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या होत्या. शेडमध्ये ऊन तिरपं येत होतं, त्यात धुळीचे कण तरंगत होते, सगळं फार सावकाश चाललं होतं. किती ऐकू येत होतं त्यांना, की काहीच नाही, की जुनं काही आठवत होतं, मला माहीत नाही. मग एका क्षणी त्या आठ्या सुटल्या. ओठ जरासे उघडे राहिले, लहान मुलाचे झोपेत राहतात तसे.

"बस," मी म्हणाले. "लागला." त्यांना ऐकू गेलं नाही. मी ते तसंच राहू दिलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. "कोणाचं ऐकलंत?"

"तुमच्या तोंडाचं."

"मग असेल बरोबर," म्हणाले, आणि चहा मागितला.

दिवाळीच्या आधी काका गेले. दुकानाला कुलूप आहे. पाटी तशीच आहे आणि लोक अजून तिचा फोटो काढतात. मी तिथून जाताना हसत नाही.

परवा पीयूसीसाठी गाडी घेऊन गेले होते. तपासणाऱ्याने नळी लावली, आकडा बघितला, बॉनेट उघडायला लावलं आणि कान देऊन ऐकलं. जाणता दिसत होता.

"मॅडम, पेट्रोल थोडं जास्त जातंय. हा स्क्रू नुसता पाव फेरा आत घ्या, एकदम बरोबर लागेल. देऊ करून?"

"माहीत आहे मला," मी म्हणाले, आणि त्याचा हात बाजूला करून बॉनेट लावून टाकलं.