फौजदार जानराव खुनी होतात

अकोल्याच्या आमच्या नाट्यमंडळात भूमिका वाटायची पद्धत सोपी होती. कपडे ज्याचे त्याने आणायचे. त्यामुळे ज्याच्याकडे कोट तो बॅरिस्टर, ज्याची बायको शालू द्यायला राजी तो नायिका, आणि ज्याच्याकडे धड काहीच नाही तो प्रॉम्प्टर. मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत पुस्तक धरून बसायचं आणि पाठांतर न करणाऱ्या लोकांना वाक्यं पुरवायची, असलं हे काम. त्यात माझा स्वभाव तिरकस झाला असेल तर दोष नटांचा आहे.

जानराव गावंडे फौजदार झाले तेही कपड्यांमुळेच. ते धंद्याने शिंपी. एका खऱ्या फौजदाराने त्यांच्याकडे वर्दी शिवायला टाकली आणि ती तयार व्हायच्या आत त्याची बदली बुलढाण्याला झाली. शिंप्यांचं काम कधी वेळेवर होतं का! पुष्कळ निरोप धाडले, पण कोणी न्यायला आलं नाही. जानरावांनी सहज अंगात घालून पाहिली, तर ती त्यांच्याच मापाची निघाली. तेव्हापासून ते मंडळाचे कायमचे फौजदार.

आमची नाटकं लिहायचे हरिहरपंत वकील. कोर्टात अशील फिरकत नसल्यामुळे ते रंगभूमीवर खून पाडत. पहिल्या अंकात मुडदा, दुसऱ्यात सगळ्यांवर संशय आणि तिसऱ्याच्या शेवटी जानराव. बूट वाजवत यायचे, "खबरदार! कोणी जागचं हलू नका!" म्हणायचे आणि सगळ्यांत सभ्य दिसणाऱ्या माणसाच्या हातात बेड्या अडकवायचे. पडदा. टाळ्या मात्र सगळ्या त्यांना. तोवर घसा फोडून बसलेल्या नायकाला कुत्रं विचारत नसे. अमरावती, धामणगाव, मूर्तिजापूर, कुठेही जा, लोक त्यांना फौजदारसाहेबच म्हणत. एकदा तर मूर्तिजापूरचा एक शेतकरी चोरीला गेलेल्या बैलाची फिर्याद घेऊन त्यांच्या मशीनसमोर येऊन बसला. जानरावांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि वर चहा पाजला.

अशा या लोकप्रिय माणसाचं एकच दुखणं होतं. त्यांची बायको माणिकबाई हिने त्यांचं एकही नाटक पाहिलं नव्हतं.

"घडीभरासाठी जाता, खबरदार म्हनता अन् येता," ती म्हणायची. "तेवढ्यासाठी मी काहून घर सोडू? खबरदार त मीच तुमाले रोज म्हनते."

जानराव हे हसत हसत सांगत, पण त्यांना ते लागलेलं होतं.

अठ्ठावन्न साली बाळापूरचा प्रयोग ठरला आणि जानरावांनी हरिहरपंतांना गाठलं. "पंत, औंदा मले खुनी करा."

"वेड लागलं का तुम्हाला?"

"खुनी पयल्या अंकापासून असते. बाळापूर तिचं माहेर हाय, येते म्हनाली. एकडाव तरी तिनं पाहावं, मी काय करून राह्यलो ते."

हरिहरपंत ऐकेनात. तेव्हा जानराव शांतपणे म्हणाले, "मंग वर्दी मिळनार नाही." वकीलसाहेब हा खटलाही हरले.

फौजदाराचं काम गेलं पंतांच्या भाच्याकडे, रविकांतकडे. हा पोरगा इतका काटकुळा की त्या वर्दीत आणखी एक फौजदार सहज मावला असता. जानराव ती त्याच्या मापाची करून देणार होते. पण स्वतःचं पाठांतर चाललेलं, त्यामुळे खऱ्या शिंप्यासारखं "परवा ये, परवा ये" करत राहिले आणि वर्दी होती तशीच राहिली.

नाटकात चिखलदऱ्याच्या बंगल्यात एक म्हातारा जहागीरदार आजारी पडलेला आणि जानराव त्याचे वैद्य. औषधातून विष देतात. विष देताना खदाखदा हसायचं, अशी हरिहरपंतांची सूचना होती.

"मले नाही जमत तसं," जानराव म्हणाले. त्यांनी म्हाताऱ्याची उशी सारखी केली, पायावर शाल नीट घातली, खिशातली पुडी पेल्यात रिकामी केली, पेल्यावर हळूहळू फुंकर घातली आणि मायेने तो त्याच्या ओठांना लावला. तालमीतसुद्धा माझ्या अंगावर काटा आला. मी पुस्तकाचं पान उलटायचं विसरलो, आणि माझ्या बाबतीत असं कधी होत नाही.

बाळापूरला मैदान माणसांनी भरून गेलं होतं. माणिकबाई बायकांच्या बाजूला अगदी पुढे, भावजयीला खेटून बसली होती. जानरावांनी पहिल्या अंकात पाऊल टाकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"फौजदारसाहेब आले! वेश बदलून आले!"

तिथेच सगळा विचका झाला. त्यांनी पुडी काढली, तर लोक म्हणाले, सापळा लावून राह्यले. जहागीरदार मेला, तर म्हणाले, सोंग घेऊन पडला, साहेबांनीच शिकवलं असन. दुसऱ्या अंकात प्रत्येक पात्रावर संशय घेऊन झाला, फक्त जानराव सोडून. मी विंगेतून त्यांचा चेहरा बघत होतो. माणूस जीव तोडून काम करत होता आणि समोरचे लोक त्याला एका खुनाचंही श्रेय द्यायला तयार नव्हते.

तिसऱ्या अंकात रविकांत आला. बाह्या बोटांच्या खाली, पँट पट्ट्याने कशीबशी आवळलेली. "खबरदार!" तो ओरडला. त्याबरोबर पुंजाजी पाटील उठले. गावात आमचा प्रयोग त्यांनीच ठेवला होता.

"हे वर्दी तुयी न्हाय!" ते कडाडले. "कोनाची हाय ते साऱ्यांले मालूम हाय. चोट्ट्या, साहेबाची वर्दी चोरतं?" आणि सरळ रंगमंचावर चढून त्यांनी रविकांतची गचांडी धरली. मी पुढचं वाक्य पुरवलं, पण गचांडी धरलेल्या नटाला वाक्य देऊन काय उपयोग?

"घाला रविकांतलाच बेड्या आणि संपवा!" हरिहरपंत विंगेतून जानरावांना उद्देशून कुजबुजले.

तेवढं केलं असतं तर मैदान डोक्यावर घेतलं असतं लोकांनी. पण जानरावांनी पाटलांना हात जोडले. "पाटील, खून म्याच केला. म्याच इख देल्लं."

"तुमाले तसं म्हनाच लागते साहेब," पाटील डोळा मारून म्हणाले. "आमाले समजते."

सगळं मैदान खो खो हसलं. जानरावांची नजर बायकांकडे गेली आणि लगेच खाली आली. मला फार वाईट वाटलं.

एवढ्यात माणिकबाई पदर खोचून उभी राहिली.

"पाटील, सोडा त्या पोराले!" तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यायनंच मारलं त्या बुढ्याले! म्या माह्या डोयानं पाह्यलं. मले बिमारीत काढा देतात ना, अस्साच फुकून फुकून देल्ला. धरा यायले!"

हसणं जागच्या जागी थांबलं. त्या अख्ख्या मैदानात जानरावांना फौजदार म्हणून कधीच न पाहिलेली ती एकटीच होती. म्हणून तिला एकटीलाच खुनी दिसला होता. आणि सख्खी बायको नवऱ्याविरुद्ध साक्ष देते म्हटल्यावर पाटील तरी काय बोलणार? त्यांनी गचांडी सोडली. रविकांतच्या बेड्या बाहीत अडकल्या होत्या, त्या जानरावांनी स्वतः सोडवून दिल्या आणि मनगटं पुढे केली. पडदा पडला. टाळी एकही वाजली नाही. लोक माना खाली घालून घरी निघाले. "फौजदारच असा निघाला, त मानसानं जावं कोनाकडे?" असं एक जण म्हणताना मी ऐकलं.

सकाळी आम्ही माणिकबाईच्या भावाकडे चहाला बसलो होतो. सासुरवाडीत जावयाने बायकोला चहा आणून देणं ही तेव्हा हसण्याचीच गोष्ट, पण जानराव आतून कप घेऊन आले, सवयीने त्यावर फुंकर घातली आणि तो माणिकबाईपुढे धरला. तिने कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि कप हळूच परत त्यांच्याकडे सरकवला.

"आधी तुमी प्या," ती म्हणाली.

जानरावांनी तो चहा उभ्याउभ्या संपवला आणि डोळे पुसत दुसरा आणायला आत गेले.